मांडीवर मदरबोर्ड, समोर धडगावचा घाट

नंदुरबारहून परत आल्यावर ऑफिसात ज्याने त्याने एकच विचारलं, तोरणमाळ पाहिलंस का. नाही पाहिलं. वाटेत एका फाट्यावर तोरणमाळचा बोर्ड लागला, तेवढा जीपच्या खिडकीतून दिसला. सारंगखेड्याचा घोडेबाजारही माझ्या नशिबी नव्हता, कारण तो भरतो डिसेंबरात आणि मी गेले होळीच्या तोंडावर. मग तिकडे जाऊन केलं काय, असं विचारलं की मला सांगावं लागतं, एक कम्प्युटर जोडला. लोक हसतात. पण त्या एका कम्प्युटरपायी मी तापीकाठ पाहिला, सातपुडा चढले, दोन घरांत जेवले, आणि आयुष्यात क्वचितच घाबरले असेन तेवढी घाबरले. म्हणून हे लिहून ठेवते.

मी पुण्यात एका स्टुडिओत काम करते. अजून बांधल्याच गेल्या नाहीत अशा इमारतींच्या फिल्म आम्ही बनवतो. पायऱ्या चढून आत जायचं, खिडकीतून ऊन येताना दिसायचं, सगळं खऱ्यासारखं. फिल्म करणारी मुलं वेगळी. मी त्यांची यंत्रं सांभाळते. भाविका पाटील ही आमच्याकडची सगळ्यात चांगली मुलगी. तिचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर. दिवाळीत तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ती महिनाभरासाठी म्हणून गेली आणि परतलीच नाही. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, घरात केळीची आणि कापसाची शेती, आणि आई एकटी.

आमच्या सरांनी बराच काळ वाट पाहिली. मग म्हणाले, तिथून काम करायचं तर करू दे, पण आपल्याकडे आहे तसं तगडं यंत्र तिच्या घरी हवं, आणि एका वाचनालयाची फिल्म सोमवारी सकाळी माझ्याकडे हवी. नाहीतर मी तिच्या जागी दुसरं माणूस घेतो. मी पटकन म्हणून बसले, सर, यंत्र मी जोडून देते. रजा टाकली आणि निघाले.

सुरत

साताऱ्याच्या माणसाला पुणं जसं, तसं नंदुरबारच्या माणसाला सुरत. लग्नाचा बस्ता सुरतेला, दवाखाना सुरतेला, आणि कम्प्युटरही सुरतेलाच. भाविका पहाटेच्या गाडीने आली, मी पुण्याहून पोचले, आणि स्टेशनाबाहेर आम्ही लोचो, म्हणजे सुरतेचा लिबलिबीत ढोकळा, खाल्ला. ती वाळली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ताई, आज फक्त मशीनचं बोलू."

तयार कम्प्युटर आणणं आणि सुटे भाग निवडून जोडणं यात तयार कपडे आणि शिवून घेतलेले कपडे एवढा फरक आहे. प्रोसेसर ज्या मदरबोर्डावर बसणार त्याचं सॉकेट त्याच्याशी जुळायला हवं. मेमरी त्या बोर्डाला चालणारी हवी. ग्राफिक्स कार्ड हातभर लांब, ते पेटीत मावायला हवं. थंड ठेवणारा पंखा इतका उंच नको की पेटीचं झाकण लागणार नाही. आणि या सगळ्यांना पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय हवा. प्रत्येक वस्तू एकटी उत्तम असून भागत नाही, एकमेकींशी पटायला हवं.

मी पर्समधून शिंप्याची टेप काढून पेट्या मोजायला लागले तेव्हा दुकानातली पोरं गालातल्या गालात हसली. पण पहिल्या पेटीत कार्ड बोटभर जास्तच भरलं. दुसरी पेटी पुढून सबंध काचेची, दिसायला फार देखणी. भाविका म्हणाली, "ताई, आमच्याकडे उन्हाळ्यात घरातली भांडीसुद्धा गरम लागतात. आणि कापसाचं तूस तर हवेतच असतं." पुण्यात आमची यंत्रं एसीत बसतात, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही समोर जाळी असलेली, जाळीमागे धुळीची गाळणी असलेली साधी काळी पेटी घेतली. सप्लायही मी ठरवलेल्यापेक्षा एक पायरी मोठा घेतला, कारण गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं.

अडचण बोर्डाची झाली. मी ठरवलेला बोर्ड दुकानात नव्हता. दुकानदाराने त्याच मालिकेतला दुसरा काढला. म्हणाला, "बेन, एकच घरातले आहेत." मी सॉकेट पाहिलं, मेमरीच्या जागा पाहिल्या, सगळं जुळत होतं. फक्त पाठीमागे एक बारीक बटण असतं, ते या बोर्डाला नव्हतं. त्या बटणाची गरज क्वचित पडते. दुपारची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, चालेल.

गाडीत आमची खोकी पाहून समोरच्या बाईंनी विचारलं, एवढे मिक्सर कशाला. भाविकाने कम्प्युटर आहे म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या, एकाच माणसाचा? आणि डब्यातला खाकरा पुढे केला.

तापीकाठ

नंदुरबारला उतरून प्रकाशा गावावरून आम्ही गावी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वाटेत मिरच्यांच्या पथाऱ्या लागल्या. मोकळ्या मैदानावर लाल मिरची वाळत घातलेली, नजर पोचेल तिथवर लाल. गाडीच्या काचा वर असूनही मला शिंका आल्या. पुढे पपई, ऊस, केळी. तापीच्या पुलावरून पाणी दिसलं, रुंद आणि शांत. आमच्या साताऱ्याकडच्या कृष्णेला या दिवसांत एवढं पाणी नसतं.

भाविकाचे वडील, आप्पा, अंगणात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. बोलणं थोडं सावकाश, पण स्पष्ट. ही गुजर मंडळी घरात गुजरी बोलतात, पाहुण्यासमोर अहिराणीवर येतात, आणि मला तेही कळेना झालं की भाविका मराठी करून सांगते.

"ये वो माय, बठ," आप्पा म्हणाले. "थकी गयी व्हशी."

पन्नाशीला आलेल्या मला कोणी एका वाक्यात 'माय' केलं नव्हतं. आमच्याकडे नवख्या बाईशी 'आपण कुठून आलात' इथून सुरुवात होते आणि तिथेच बराच वेळ जातो.

रात्रीच्या जेवणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरच्यांच्या ठेच्यातलं वांग्याचं भरीत, कढी आणि खिचडी. साताऱ्याची असल्यामुळे तिखटाचं मला कौतुक नाही असा माझा समज होता. तो पहिल्या घासाला गेला. काकू, म्हणजे भाविकाची आई, माझ्या ताटापाशीच बसून होत्या. "आखो एक ले, लाजू नको." नको म्हणायला मी हात आडवा धरला तर त्या हाताच्या बाजूने भाकरी ताटात आली.

जेवताना आप्पा भाविकाकडे न बघता मला म्हणाले, "इले पुनाले लई जाय. मन्हाकरता आठे बठी ऱ्हायनी ती. मन्हा हात चालत नही, पन डोकं चालस. माले समजस." काकू उठून आत गेल्या. भाविका खिचडीत कढी कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या खोलीत धुतलेली चादर अंथरली आणि कामाला लागलो. मला हे काम आवडतं. बोर्डावर प्रोसेसर ठेवायचा, खटका दाबायचा, मेमरीची पट्टी टक् आवाज येईपर्यंत बसवायची. सगळं जिथल्या तिथे बसलं. कार्ड पेटीत मावलं, पंख्यावर झाकण लागलं. आप्पांनी खुर्ची दारात आणून घेतली होती. मी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच राहिला.

बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा पेटला होता. तो प्रोसेसरसाठी असतो. मी सगळं काढून पुन्हा जोडलं. तोच दिवा. मेमरी बदलून पाहिली. तोच. मग बोर्डाच्या खोक्यावरचं चिकटलेलं लेबल वाचलं आणि खोकं खाली ठेवलं.

भाविकाला समजावून सांगितलं ते असं. बोर्डात जन्मापासून एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बायोस म्हणतात. कोणकोणते प्रोसेसर आपले, हे तो बोर्डाला सांगतो. हा बोर्ड बरेच दिवस दुकानात पडून होता. आमचा प्रोसेसर त्यानंतर बाजारात आला. सॉकेटात तो बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. बायोस नवा केला की ओळखेल. पण नवा करायला बोर्ड आधी चालू व्हायला हवा, आणि चालू व्हायला त्याच्या ओळखीचा, म्हणजे मागच्या पिढीचा प्रोसेसर हवा. ते मागचं बटण असतं तर प्रोसेसरशिवायही भागलं असतं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ठेवून जा, मंगळवारपर्यंत करून देऊ. सुरतेतल्या आणखी दुकानांना विचारलं. दुसरीकडून घेतलेला बोर्ड हातात धरायला कोणी तयार नाही. नंदुरबारात आणि शहाद्यात चौकशी केली. तिथे ऑफिसांत बिलं काढायची यंत्रं, सॉकेटच वेगळं. दुपारपर्यंत आमचे फोन संपले.

"गाडी चालू नही हुयनी का?" आप्पांनी विचारलं.

"नही हुयनी," भाविका म्हणाली.

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मंग. निंघी जाय पुनाले." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भाविका उठून मोटार बंद करायला म्हणून शेताकडे गेली. मी त्या उघड्या पेटीसमोर बसले. सरांना मी शब्द दिला होता, तो गेला तर गेला. पण ही मुलगी इथे बिनकामाची अडकणार किंवा आजारी बापाला सोडून जाणार, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्याला मी निवडलेला बोर्ड कारण असणार, हे मला सहन होईना.

चहाच्या वेळी बाहेरून केळीचा ट्रॅक्टर गेला. त्यावर पावरी, म्हणजे डोंगरातल्या पावरा लोकांच्या बोलीतलं गाणं मोठ्यांदा लागलं होतं. सातपुड्यात होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, त्या दिवसांत ही गाणी सगळीकडे वाजतात. भाविका बशी हातात धरून थांबली. मग तिने मोबाइलवर ते गाणं शोधलं आणि मला दाखवलं. गायक डोंगरावर उभा, मागे आग, वरून फुलं पडतात, एका गायकाचे दहा होतात आणि दहाही नाचतात.

"ताई, हे बिलाच्या मशीनवर नाही होत," ती म्हणाली.

व्हिडिओच्या शेवटी स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर होता. गाव, धडगाव. तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून एक तरुण आवाज आला. तिने त्याला त्याच्या यंत्रात कुठला प्रोसेसर आहे असं सरळ विचारलं. तो आधी गोंधळला, मग सांगितलं. मी भाविकाच्या खांद्याला धरून मान डोलावली. मागची पिढी. सॉकेट तेच.

"पण मी काढून देणार नाही," तो म्हणाला. "माझं काम चालू आहे. बोर्ड इकडे घेऊन या. मग बघू."

धडगाव

शहाद्याहून शनिवारी सकाळी निघालेल्या जीपमध्ये आम्ही मधल्या बाकावर होतो. बोर्ड त्याच्या खोक्यात, खोकं टॉवेलात, आणि टॉवेल माझ्या मांडीवर. पेनड्राइव्हवर बायोसची नवी फाइल. सोबत मेमरीची पट्टी आणि प्रोसेसरवर लावायची राखी रंगाची पेस्ट.

सपाटीवर सगळं ठीक होतं. घाट लागला तशी जीप पहिल्या गिअरवर आली आणि वळणावळणाला सगळे प्रवासी एका अंगावर कलू लागले. बोर्डाच्या सॉकेटमध्ये केसापेक्षा बारीक पिना असतात, एक वाकली तरी खेळ संपला. त्यावर झाकण असतं, पण मनाला ते पुरत नाही. मी खोकं मांडीपासून चार बोटं वर, हवेत धरलं, म्हणजे धक्का हातांत जिरावा. थोड्या वेळाने हात भरून आले. समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, गळ्यात चांदीची जाड हासळी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन्ही हातांनी खोक्याची एक बाजू धरली. त्या काय बोलल्या ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. पण एका पाड्याशी उतरेपर्यंत त्यांनी ती बाजू सोडली नाही, आणि उतरताना शेजारच्या माणसाच्या हातात ती बाजू देऊन गेल्या.

हातांवरचं ओझं हलकं झाल्यावर मी बाहेर पाहू शकले. डोंगर कोरडे होते, पानगळ झालेली, आणि त्यात पळस पेटल्यासारखा फुललेला. एका मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती, फुलं पडली की वेचायला सोपी जावीत म्हणून. आमच्याकडे अंगण झाडतात, इथे झाडाखालचं रान झाडतात. घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येक घर आपल्या टेकडीवर. पुण्यात भिंतीला भिंत लावून राहणारी मी, मला ते फार आवडलं.

धडगावात बाजाराची गर्दी होती. सायसिंग पावरा यांचा स्टुडिओ खताच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर जायचं. भिंतींना आतून अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून. सायसिंग तिशीच्या आतबाहेरचे, पांढरा शर्ट, दोन रात्री न झोपलेले डोळे. आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलत.

"ताई, सरळ सांगतो," ते म्हणाले. "भोंगऱ्यासाठी गाणं काढतो आहे. बाजाराआधी आलं तर चालतं, नंतर कोणी विचारत नाही. माझ्या भावांनी आणि मी मिळून ही मशीन घेतली आहे. तुम्ही उघडली आणि बंद पडली तर?"

मी खोटं बोलू शकले नाही. "पडणार नाही असं वाटतं," मी म्हटलं. "पण खात्री देता येत नाही."

ते मान डोलावत राहिले. मग म्हणाले, आधी हे एक्सपोर्ट होऊ द्या, गाण्याची पक्की फाइल बनते आहे. आम्ही थांबलो. पडद्यावर गाणं तुकड्यातुकड्याने सरकत होतं. गायक हिरव्या पडद्यासमोर नाचलेला, मागचा हिरवा काढून तिथे डोंगर लावलेला. पण त्याच्या फेट्याभोवती हिरवी किनार उरली होती आणि ती लुकलुकत होती.

भाविका पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "भाऊ, ही किनार तुम्हाला दिसते ना?"

"दिसते. तीन दिवस तिच्याशीच भांडतो आहे."

"मी बघू?"

त्यांनी एक्सपोर्ट थांबवलं आणि खुर्ची सोडली. भाविका बसली. पुण्याहून गेल्यापासून तिला मी अशी बसलेली पाहिली नव्हती, पाठ सरळ, जीभ किंचित दातांत. ती काय करते ते सांगत गेली, सायसिंग मागे उभे राहून विचारत गेले. दरम्यान खाली दुकानामागच्या खोलीतून त्यांच्या आईने मक्याची भाकर, उडदाची दाळ आणि लसणाची चटणी वर पाठवली. मी एकटीच जेवले. त्या दोघांच्या भाकरी गार झाल्या. फेटा स्वच्छ झाला. मागच्या डोंगरासमोर गायक खराच उभा असल्यासारखा दिसायला लागला. सायसिंगनी ते तीनदा पाहिलं, गाणं पूर्ण एक्सपोर्ट करून बाजूला ठेवलं, यंत्र बंद केलं आणि स्वतःच पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

"उघडा," ते म्हणाले.

हे मी स्टुडिओत रोज करते. तरी त्या दिवशी पंखा काढताना, जुनी पेस्ट पुसताना, त्यांचा प्रोसेसर दोन बोटांनी उचलताना मी प्रत्येक हालचाल आधी मनात म्हणून घेत होते. तो आमच्या बोर्डात ठेवला. खटका दाबला. वर त्यांचाच पंखा बसवला, त्यांचंच कार्ड आणि पॉवर सप्लाय लावला, त्यांचाच पडदा. बटण दाबल्यावर लाल दिवा लागला, आणि विझला. पडद्यावर अक्षरं आली. भाविकाने माझा दंड घट्ट धरला.

पेनड्राइव्ह लावला. अपडेट सुरू झालं. पडद्यावर ठळक सूचना आली की वीज बंद करू नका, आणि पट्टी अर्ध्याच्या जवळ पोचली तेव्हा वीज गेली.

खाली बाजारातले स्पीकर एकदम गप्प झाले. टेबलाखालचा यूपीएस ओरडायला लागला. अपडेट मधेच तुटलं असतं तर बोर्ड कायमचा गेला असता, नवा प्रोग्रॅम अर्धा आणि जुना पुसलेला.

"हा किती चालतो?" मी विचारलं.

"चहा होईपर्यंत," सायसिंग म्हणाले. "कधी त्याच्याही आधी जातो."

मी पडदा बंद करायला सांगितलं, कारण तोही त्याच बॅटरीवर होता. त्यांनी केला. स्पीकरची पिन काढली, मोबाइलचा चार्जर काढला. आता त्या बॅटरीवर फक्त आमचा बोर्ड होता. आम्हाला पट्टी दिसत नव्हती. खोली तापत चालली. यूपीएसची शिट्टी आधी सावकाश होती, मग लागोपाठ होऊ लागली. मी बोर्डाकडे पाहत राहिले, कारण अपडेट संपलं की तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बोर्डावरचा पंखा थांबला. मला वाटलं, गेला. काही क्षण पंखा तसाच थांबलेला होता. मग फिरला.

सायसिंगनी पडदा लावला. नव्या बायोसचं नाव वर कोपऱ्यात आलेलं होतं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, बटण दाबून यंत्र नीट बंद केलं आणि खाली फरशीवरच बसले. भाविका हसत होती आणि रडतही होती. यूपीएस त्यानंतर लगेचच गेला.

पण माझा जीव अजून पूर्ण भांड्यात पडला नव्हता. वीज आल्यावर त्यांचा प्रोसेसर त्यांच्या बोर्डात परत बसवला, नवी पेस्ट लावली, पंखा कसला. त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा. सायसिंगनी माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिले. मला माहीत होतं की मेमरी नव्याने तपासताना यंत्र वेळ घेतं. माहीत असून उपयोग नव्हता. मग त्यांच्या गावच्या होळीचा फोटो पडद्यावर आला, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते गाणं लावलं, पूर्ण आवाजात. भिंतीवरचे अंड्यांचे ट्रेसुद्धा थरथरले असावेत.

मी त्यांना काय देऊ असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते भाविकाला म्हणाले, "ताई, पुढच्या गाण्याला किनार आली तर फोन करू ना?"

"कधीही," ती म्हणाली.

शेवटच्या जीपला आम्हाला धावावं लागलं. चालकाने आम्हाला जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं, म्हणून थांबला. परतीच्या घाटात भाविका माझ्या खांद्यावर झोपली. बोर्ड मांडीवरच होता, पण आता मी हात त्याच्यावर नुसते ठेवले होते.

पुन्हा तापीकाठ

रविवारी सकाळी पेटीचं बटण दाबलं आणि पडदा उजळला. काकूंनी आधी यंत्राला हळदीकुंकू लावलं, मग आम्हाला हात लावू दिला. भाविकाने आधीच रचून ठेवलेल्या दृश्यांतून दिवसभर फिल्म तयार होत राहिली. बाहेर ऊन तापलेलं, मी दर थोड्या वेळाने तापमानाचा आकडा बघत होते. तो जिथे असावा तिथेच राहिला. जाळीची पेटी घेतली म्हणून भाविकाचे मनातल्या मनात आभार मानले. काकूंनी तरीही घरातला एकुलता एक टेबलफॅन यंत्राकडे तोंड करून लावला, आणि आम्ही घामाने भिजत बसलो. भाविका म्हणाली, "काढ ना आई तो." काकू म्हणाल्या, "त्येले ऊन लागी ऱ्हायनं व्हई." फिल्म पुढे सरकताना नुसतं बघून मला खूप शांत वाटत होतं. तापीवर आंघोळीला गेलेल्या माणसासारखं, अंगावरचं सगळं उतरल्यासारखं.

सोमवारी सकाळी फिल्म गेली. थोड्या वेळाने सरांचा निरोप आला. छान झाली आहे, पुढचं काम पाठवतो. एवढंच. भाविकाने तो मला वाचून दाखवला, आईला वाचून दाखवला, आणि बाहेर जाऊन आप्पांना धरून आत आणलं.

आप्पा पडद्यासमोर बसले. फिल्म सुरू झाली. मोठं दार उघडलं, पायऱ्या आल्या, वरच्या मजल्यावर लांब टेबलं, खिडक्यांतून ऊन, पुस्तकांची कपाटं. एक खुर्ची किंचित मागे सरकलेली, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. ती खुर्ची तशी ठेवायचं भाविकाच्या डोक्यात आलं होतं.

"हाई कोठे शे?" आप्पांनी विचारलं.

"अजून कोठेच नही, आप्पा. बांधतीन आते."

"आन हाई तू आठे बठीसन बनाडं?"

"हां."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ते पुढे झुकून पाहत होते. संपल्यावर डावा हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ते बोलले ते नेहमीसारखंच सावकाश.

"मंग ऱ्हाय आठेच," आप्पा म्हणाले. "माले बी तेच पाहिजे व्हतं."